अर्धं बोट कमी

मी अमरावतीत मुलींचं वसतिगृह सांभाळते. नव्वद मुली, दोन आचारी, एक टँकरवाला आणि महिन्यातून दोनदा रुसणारा गिझर. यादी नसेल तर हे सगळं दुपारच्या आत कोसळेल. म्हणून माझ्याकडे सगळ्याच्या याद्या असतात, आणि कुठली यादी कुठल्या वहीत आहे याचीही एक यादी असते. मुली हसतात. हसू देत. अंघोळीला पाणी मात्र रोज गरम मिळतं.

दिवाळीत वसतिगृह रिकामं होतं. त्या सुट्टीत ताईला घेऊन ताश्कंदला जायचं मी ठरवलं. का ताश्कंद? विमान थोड्या वेळाचं, व्हिसा सोपा आणि घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे. एवढी कारणं मला पुरेशी होती.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. अकोल्याला राहते, ब्लाउज शिवते. दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला आणि डावा पाय चार बोटं आखूड राहिला. त्या पायाला उंच तळाची चप्पल लागते. अकोल्याच्या बाजारात एक म्हातारे कारागीर आहेत, त्यांना सगळे भाई म्हणतात. गेली तीस वर्षं तेच तिची चप्पल करतात. रबराचे थर एकावर एक चिकटवायचे, बाजूंनी घासायचे आणि तो जाड तळ नजरेत येऊ नये म्हणून वरून काळा रंग मारायचा. साडी खाली सोडली की कुणाला काही कळत नाही. ती चप्पल पायात असली की ताई भाजीबाजार, बँक, लग्नघर, सगळीकडे एकटी जाते. नसली तर खोलीतल्या खोलीत भिंत धरून चालते.

यायला ती एकाच अटीवर तयार झाली.

"मले खुर्चीवर बसवून कोनी ढकललं ना, तं मी तितूनच वापस येईन. सांगून ठेवतो."

विमानतळावर चाकांची खुर्ची घेऊन माणूस पुढे आलाच. ताईने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो खुर्चीसकट मागे सरकला.

पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भुयारी रेल्वेने निघालो. माझ्या यादीत ही रेल्वे 'पाहण्याची ठिकाणं' या मथळ्याखाली नव्हती. 'जाण्यायेण्याची सोय' या मथळ्याखाली होती, बस आणि टॅक्सीच्या मधे. सगळा घोळ इथेच झाला.

जिने उतरून खाली गेलो आणि मी बघतच राहिले. संगमरवरी खांबांच्या रांगा, वर ओळीने पांढरी झुंबरं, जमिनीवर दगडातच गालिच्यासारखी नक्षी. खालून बायका कांद्याच्या पिशव्या घेऊन लगबगीने चालल्या होत्या, एक माणूस काखेत वर्तमानपत्र धरून शिंकत होता. वर कुणी बघत नव्हतं. झुंबराखालून रोज कामाला जायचं म्हणजे काय सुख असेल, असा विचार करत मी नकाशा उघडला, दिशा पाहिली, तिकिटं पर्समध्ये टाकली. तेवढ्यात गाडी आली. ताईचा हात माझ्या खांद्यावर होताच. आम्ही आत शिरलो. एका तरुणाने झटकन उठून ताईला जागा दिली. ती बसली, पदर सावरला. आणि माझं लक्ष खाली गेलं.

ताईच्या पायांची दहाही बोटं उघडी होती.

"ताई! चपला?"

"मांगं काढल्या."

"मागे म्हणजे कुठे?"

"थ्या पायऱ्याजवळ. खांबाच्या बाजूनं नीट लावून ठेवल्या."

"काहून पन?" घाबरले की माझीही अमरावतीची शिस्तीची भाषा सुटते आणि गावची बाहेर येते.

"काहून म्हंजे? इतकी झुंबरं, इतका संगमरवर, आन् चपला घालून जाऊ? तूच घालून आली, तुले काई वाटलं नाई?"

"ताई, ते स्टेशन आहे!"

"स्टेशन असं रायते का? स्टेशन म्या जलमभर पाह्यले. मले वाटलं, आदी दर्शन, मंग गाडी."

बाजूचा तरुण आमच्याकडे टकामका बघत होता. मला हसू आणि रडू एकदमच यायला लागलं. देवळात ताई नेहमी असंच करते. चपला बाहेर, हात माझ्या खांद्यावर आणि लंगडत आत. म्हणूनच तिचं लंगडणं मला त्या क्षणी वेगळं जाणवलं नाही. पण देवळाबाहेर चपला राहतात. इथे त्या राहतील का?

पुढचं स्टेशन आलं, तशी मी तिला धरून उतरवलं. उलट्या दिशेची गाडी समोरच येणार होती. दोन मिनिटं थांबायचं होतं. मी घड्याळ बघत होते आणि ताई भिंतीकडे.

"अव्व! पाह्य तं इकडं! हे तं पऱ्हाटी व!"

खरंच कापूस होता. भिंतभर निळ्या-हिरव्या चकाकत्या तुकड्यांत झाडं आणि झाडांवर पांढरी, टचटचून फुटलेली बोंडं. आमचं माहेर अकोटकडचं. शाळेत जायच्या वयापासून आम्ही ओटी बांधून कापूस वेचला. आमच्याकडे कापसाचं चित्र दिसतं ते बियाण्याच्या पाकिटावर, नाहीतर फवारणीच्या डब्यावर. आणि या लोकांनी तो जमिनीखाली, जिथे ऊनसुद्धा येत नाही, तिथे दागिन्यासारखा जडवला होता!

ताई अनवाणी, एक पाय सपाट आणि एक चवड्यावर ठेवून, भिंतीला बोट लावत पुढे सरकत होती. "हे बोंड पाह्य, अर्धं उघडलेलं. कशी पाकळी दुमडली! कोनं काढलं असन व हे? त्यानं वेचला असन कापूस. वेचल्याबिगर असं नाई काढता येत." आमची गाडी आली आणि निघून गेली. दोघींपैकी एकीलाही कळलं नाही.

परत गेलो तेव्हा खांबाशेजारी काहीच नव्हतं. एक पांढरी, स्वच्छ, पुसलेली जागा. चपला कुणी उचलल्या, कुठे गेल्या, ते शेवटपर्यंत कळलं नाही. स्टेशनवरच्या गणवेशातल्या बाईंनी पंधरा मिनिटं शोध घेतला, दोन फोन केले, मग हात पसरून मान हलवली. आत जाऊन त्या स्वतःच्या रबरी सपाता घेऊन आल्या आणि गुडघ्यावर बसून त्यांनीच ताईच्या पायात घातल्या. ताई इतकी संकोचली की तिने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

सपाता सपाट होत्या. प्रत्येक पावलाला ताईची कंबर खाली जाऊन वर येत होती. हॉटेलच्या दारापर्यंत पोचताना तिच्या कपाळावर घाम आला.

आता दुसरी जोडी काढायची, बस. माझ्या सामानाच्या यादीत 'ताईच्या चपला, दोन जोड' असं होतं आणि त्यापुढे बरोबरची खूणही होती. मी बॅग उघडली. चपलांच्या जागी स्टीलचा मोठा डबा होता.

"दुसरी जोड?"

"थे अकोल्यालेच हाये," ताई छताकडे बघत म्हणाली. "तू खून केली, रिक्षा पाह्याले बाहीर गेली, आन् म्या काढली. जागा कुठं होती? तिळाची चटनी, धपाटे..."

"आता चटणी पायात घाल!"

"घातली असती, पन लय तिखट झाली."

एवढं बोलून ती हसली. मग पलंगावर पाय वर घेऊन बसली. "तू जाय," ती म्हणाली. "चार दिवस हायेत. तुही यादी पुरी कर. मी खिडकीतून पाह्यतो. इथून बी चांगलं दिसते."

खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची आणि एक पाण्याची टाकी दिसत होती.

बावन्न वर्षांत ताई पहिल्यांदा देशाबाहेर आली होती, तेही मी मागे लागले म्हणून. आता ती चार दिवस टाकी बघून परत जाणार आणि अकोल्यात सगळ्यांना सांगणार की फार मजा आली. ती तसं सांगेल, आणि पुन्हा कधी कुठे येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी वही काढली, सत्तावीस ठिकाणांची यादी असलेलं पान उलटलं आणि कोऱ्या पानावर लिहिलं: चप्पल.

हॉटेलच्या बाईंनी मोबाईलवरच्या भाषांतराच्या मदतीने माझं म्हणणं ऐकलं आणि एका कागदावर जुन्या बाजारामागच्या गल्लीचा पत्ता लिहून दिला. तिथे चामड्याचं काम करणारे बसतात म्हणे.

"चल," मी ताईला म्हटलं.

"तूच जाय ना."

"तुझा पाय मी पिशवीत घालून नेऊ का? मापाला पाय लागतो."

"खुर्ची नाई."

"खुर्ची नाही. टॅक्सी. आणि तुझ्या चालीनं."

टॅक्सीने आम्हाला बाजाराच्या अलीकडेच सोडलं. पुढची गल्ली फक्त पायी चालणाऱ्यांसाठी होती. अंतर फार नव्हतं. माझ्या चालीने सात मिनिटं. ताईच्या त्या दिवशीच्या चालीने दीड तास. दर वीस-पंचवीस पावलांवर ती थांबायची, जे समोर येईल ते धरून उभी राहायची. आणि मग, थांबलोच आहोत तर, आम्ही आजूबाजूला बघायचो.

पहिल्यांदा थांबलो ते औषधांच्या दुकानात. टाच सोलली होती, पट्टी हवी होती. आत गेले आणि पट्टी मागायची विसरले. छतापर्यंत कोरीव लाकडाची कपाटं. शेकडो छोटे खण, प्रत्येक खणाला पितळी कडी, प्रत्येक कडीभोवती वेलबुट्टी. छताला निळी-सोनेरी नक्षी. आणि त्याखाली पांढऱ्या कोटातल्या बाई खोकल्याचं औषध विकत होत्या. आमच्या कॉलनीतला औषधवाला काचेवर सर्दीच्या मलमाची जाहिरात चिकटवतो आणि तीच त्याची सजावट.

"असा गया पाह्यजे," ताई छताकडे बोट दाखवत म्हणाली. गया म्हणजे गळा. "ब्लाउजचा. मांगून. हा कोपरा पाह्यला का? असा वयवून आनाचा." तिने पर्समधून शिवणाचा खडू काढला आणि पट्टीच्या बिलाच्या मागच्या बाजूवर तो कोपरा उतरवून घेतला. कपाळावरचा घाम अजून वाळला नव्हता.

पुढे पाव विकणाऱ्या बाया होत्या. पाव म्हणजे आपल्या भाकरीएवढे गोल नान, आणि प्रत्येक नानच्या मधोमध ठशांनी उमटवलेलं फूल. एकीच्या नानवर चक्र, दुसरीच्या नानवर सूर्य. मी विचारलं, खायच्याच वस्तूवर एवढं कशाला? बाईंनी खिळ्यांचा ठसा हातात घेऊन हवेत दाबून दाखवला आणि गाल फुगवून मान हलवली. मला कळलं: ठसा मारला नाही तर मधला भाग फुगतो. म्हणजे कामाचंच होतं. पण फूल नसतं काढलं आणि नुसती भोकं पाडली असती, तरी चाललं असतं की! या विचाराने मी इतकी हरखून गेले की तीन नान घेतले. ते यादीत नव्हते.

मग पाळण्यांचं दुकान. लाल, पिवळे, हिरवे रंगवलेले लाकडी पाळणे रस्त्यावर एकावर एक रचलेले. मग चहाची जागा. तिथे खुर्च्या नव्हत्या, कोरीव कठड्यांचे मोठे तखत होते, वर गाद्या, मधे ठेंगणं टेबल. ताई त्यावर पाय लांब करून बसली तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी तिच्या स्वतःच्या घरातही ऐकला नव्हता.

"हे बरं हाये बाई. आपल्याकडं चहा प्याले बसलं की पाय लटकतेत. माहा एक लटकते, एक नाई."

मी हसले. तीही हसली. पण उठताना तिने माझा हात दोन्ही हातांनी धरला. "लय लांब हाये का अजून?" तिने विचारलं. ताईने याआधी कधी हा प्रश्न विचारलेला मला आठवत नाही.

चामड्याच्या गल्लीतलं पत्त्यावरचं दुकान आपल्या ऑटोरिक्षाएवढं असेल. पण दार! सबंध दारावर एकात एक गुंतलेले तारे कोरलेले, आणि हात लागून लागून मधला तारा गुळगुळीत झालेला. आत साठीचे एक गृहस्थ, डोक्यावर चौकोनी भरतकामाची टोपी, पुढ्यात हातोड्या, आऱ्या, चामड्याचे तुकडे. ताईला बघताच ते उठले, आपलं स्टूल तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "ओपा, ओपा, मेहमोन." ओपा म्हणजे मोठी बहीण. अकोल्यात भाई आणि त्यांच्या घरचे ताईला आपाच म्हणतात. ती लगेच सैल झाली.

बोलायची फारशी गरज पडली नाही. त्यांनी ताईला भिंतीला टेकून उभं केलं, आखूड पायाखाली लाकडाच्या चकत्या एकेक सरकवत गेले, कंबरेच्या दोन्ही बाजूंना अंगठे लावून डोळा बारीक करून पाहिलं. कंबर एका रेषेत आली तेव्हा चकत्या मोजल्या. बाजारातल्या तयार चपलेला त्यांनी तासाभरात तात्पुरते थर चिकटवले, घासले आणि पुढ्यात ठेवले.

ताई उभी राहिली. एक पाऊल. दोन. तिसऱ्याला तिने माझा दंड पकडला. "नाई. कंबर ओढून राहिली. कोनीतरी वरून धरल्यासारखं वाटते."

मी खुणेनं सांगितलं. त्या कारागीर उस्तादांनी तिला पुन्हा भिंतीला उभं केलं, दोरी लावून मोजलं. "बराबर," ते म्हणाले.

"बराबर नाई," ताई म्हणाली.

"बराबर!" त्यांनी मला दोरी दाखवली. दोरी खरंच सरळ होती.

"दोरीले म्हना, तूच चाल मंग!"

मला हसायचंही सुचेना. चूक त्यांची नव्हती आणि ताईही खोटं बोलत नव्हती. त्यांनी हात झटकले, चप्पल बाजूला ठेवली. ताईने पुन्हा त्या रबरी सपातांकडे हात नेला. मी मनातल्या मनात हॉटेलची ती खिडकी पाहिली.

मग ताईच म्हणाली, "भाईले फोन लाव."

अकोल्यात भाई दुकानातच होते. फोनच्या चौकटीत आधी त्यांची दाढी आली, मग एक डोळा.

"क्या हुआ आपा? किधर हो?"

"भाई, माही चप्पल गेली. इथं हे उस्ताद नवी करून राहिले, पन जमून नाई राहिली."

"चोरी गई?"

"नाई. देवळासमोर काढली." ताईने माझ्याकडे अजिबात पाहिलं नाही.

मी फोन उस्तादांसमोर धरला. दोघांनी आधी छातीवर हात ठेवून एकमेकांना सलाम केला. मग भाईंनी खालून एक जुना पुठ्ठा काढला. ताईच्या पायाचा आकार, त्यावर पेन्सिलीच्या खुणा, तीस वर्षांच्या. उस्तादांनी इकडून आपल्या लाकडी चकत्या कॅमेऱ्यासमोर धरल्या. भाईंनी जीभ टाळूला लावून 'च्च' केलं.

"पूरा बराबर नक्को करो उस्ताद. आधा उंगल कम. कम! हड्डी कू आदत है. बचपन से."

"कम?" उस्ताद म्हणाले.

"हां, कम. आदत है."

"ओदत," उस्ताद म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी आपलं बोट समोर धरलं आणि दुसऱ्या हाताने त्याच्या अर्ध्यावर रेघ ओढून दाखवली. भाईंनी तिकडून तसंच केलं. हजारो मैलांवरचे दोन म्हातारे एकमेकांना अर्धं बोट दाखवत होते. मी त्यांच्या मधे फोन धरून उभी होते.

मला तीस वर्षांत हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, भाई चार बोटांची तूट चार बोटांनी भरतात. ते मुद्दाम थोडी ठेवतात. कंबर ज्या तिरकेपणावर वाढली, त्यावरच ती उभी राहते.

उस्तादांनी एक थर उचकटला. ताई उठली, दारापर्यंत गेली, वळली, परत आली. कुणाला न धरता. "हां," ती म्हणाली. तेवढंच.

पण हे तात्पुरतं होतं. पक्की जोडी उद्या सकाळी मिळेल, असं त्यांनी सांगितलं. मी नानबरोबर खायला पिशवीत घेतलेल्या चटणीतली थोडी पुडीत बांधून दिली. चिमूटभर जिभेवर ठेवून त्यांना जो ठसका लागला, तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला असेल. तरी पुडी त्यांनी खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर जोडी तयार होती. आणि ताई बघूनच मागे सरली.

डाव्या चपलेच्या उंच तळाला त्यांनी बाजूंनी तांबूस चामडं चढवलं होतं आणि त्यावर सगळीकडून ठशांनी वेल उमटवली होती. बारीक पानं, मधे मधे फूल, वरखाली पिवळ्या दोऱ्याची शिलाई. उजव्या चपलेच्या पातळ तळालाही तसलीच एक अरुंद वेल. जोडी शोभावी म्हणून.

"हे काय केलं यानं? लोकाच्या डोयात भरन ना! त्याले म्हना, कायं कर. भाई कायं करते."

मी मोबाईलवर लिहिलं: कृपया काळा रंग द्या. उस्तादांनी वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि उत्तर दिलं. मोबाईलने भाषांतर केलं: 'मी काळा विकत नाही.'

"चामड्याचं दुकान, आन् काया रंग नाई! मोची हाये का कोन हाये!" ताई माझ्यावरच ओरडली. पण ओरडता ओरडता तिने पाय आत घातले होते. ती उभी राहिली. पुन्हा दारापर्यंत गेली. मग दाराबाहेर. मग गल्लीत. मी पैसे देऊन बाहेर आले तेव्हा ती तीन दुकानं पुढे होती आणि तिच्याभोवती दोन बाया उभ्या होत्या.

मी धावतच पुढे गेले. लहानपणी कुणी तिच्या पायाकडे बघितलं की ती घरी येऊन दिवसभर बोलायची नाही. पण त्यांतली एक बाई खाली वाकली, त्या वेलीवरून बोट फिरवलं आणि काहीतरी म्हणाली. मी मोबाईल पुढे धरला. 'सुंदर,' मोबाईल म्हणाला. 'कुठे मिळते?'

ताईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या बाईकडे. मग उजव्या हाताने साडी दोन बोटं वर उचलली, म्हणजे त्यांना नीट दिसावं. आणि डाव्या हाताने उस्तादांच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

मी भाईंना फोटो पाठवला. त्यांचा आवाजी निरोप आला: "आपा, तीस साल में मेरे कू ये नहीं सूझा." मागोमाग दुसरा: "चामड़ा अच्छा है."

पुढचे तीन दिवस मी सांगायला नकोत. सत्तावीस ठिकाणांपैकी आम्ही आठ पाहिली. बाकी वेळ ताई जिथे जाईल तिथे. भुयारी रेल्वेच्या अकरा स्टेशनांवर उतरलो, चपला घालून. एका न्हाव्याच्या दुकानात निव्वळ छत बघायला शिरलो आणि त्याने आम्हाला चहा पाजला. एका बसथांब्याच्या छपराखालची रंगीत फरशी बघत बसलो आणि तीन बसेस सोडल्या. रोज सकाळी ताई माझ्याआधी तयार असायची. हॉटेलची खिडकी तिने पुन्हा उघडली नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही गावाबाहेरच्या वस्तीत गेलो. चार-पाच मजली साध्या इमारती, आपल्या सरकारी वसाहतींसारख्याच, गॅलरीत वाळत घातलेली चादर, खाली लोळणारं मांजर. पण प्रत्येक इमारतीची आंधळी भिंत, जिला खिडकी नाही ती, वरपासून खालपर्यंत रंगीत तुकड्यांनी भरलेली. एकीवर डाळिंबं, एकीवर पक्षी, एकीवर नुसते चौकोन, पण असे, की बघता बघता हलायला लागावेत. सामान्य माणसं राहतात त्या घरांच्या भिंतींवर! मी वसतिगृहाच्या मागच्या भिंतीचा विचार करत होते, जिथे दर पावसाळ्यात ओल येते आणि मी यादीत 'रंग' असं लिहिते. ताईच्या हातात खडू होता आणि ती चौकोन उतरवत होती.

एका गॅलरीतून एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला पाहिलं. हात केला. चहाची खूण केली. मी नम्रपणे नको म्हटलं. विमान रात्री होतं, बॅगा भरायच्या होत्या, वजनाचा हिशेब राहिला होता. मी वही उघडून उरलेली कामं वाचत होते. शेजारी कुणी उत्तर देईना, म्हणून मान वर केली.

ताई नव्हती.

इमारतीला लिफ्ट नव्हती. जिन्याच्या प्रत्येक मजल्याला नक्षीदार जाळीची खिडकी होती. पहिल्या मजल्याच्या जाळीमागे तिच्या साडीचा हिरवा रंग हलला. मग दुसऱ्या. मी खाली उभी राहून पावलं मोजत होते. एक हलकं, एक जड, एक हलकं, एक जड. कुठे थांबणं नाही. मग तिसऱ्या मजल्याच्या जाळीमागे तिचं तोंड दिसलं, लाल झालेलं, धापा टाकणारं.

"काय उभी राहून राहिली व खाली? वर ये लौकर! या लोकायच्या कठड्याले बी नक्षी हाये!"